न भरवता जगलेला हायड्रा

माझ्या हायड्रांना भरवावं लागतं. तळ्यातला साधा हायड्रा नखाएवढाही नसतो, पण भक्ष्य जवळ आलं की डंख मारून गिळतो. माझ्या हायड्रांच्या मूलपेशी मी औषध देऊन मारल्या आहेत. दंशपेशी आणि चेतापेशी त्यांच्यापासूनच बनतात, त्यामुळे आता डंखही नाही आणि शुद्धही नाही. अन्न पुढ्यात तरंगत असलं तरी हे महाराज ढिम्म. मग मायक्रोस्कोपला डोळा लावायचा, बारीक काचनळीने एकेकाच्या तोंडात किड्याचं पिल्लू ढकलायचं आणि काही तासांनी पोट धुऊन काढायचं. इतके लाड मी घरात कोणाचेही केलेले नाहीत.

धाकट्या बहिणीचं बाळंतपण आलं आणि मला महिनाभर जावं लागलं. विभागप्रमुख सर म्हणाले, "मी बघतो." भरवायचं कसं ते दाखवते म्हटलं, तर हसले. "अहो, मी जन्मभर हायड्राच पाळलेत. मला काय शिकवता?"

सरांनी पिल्लं बशीत सोडली, झाकण लावलं आणि निघून गेले. साध्या हायड्राला तेवढं पुरतं. मी परत आले तेव्हा बहुतेक बश्यांत नुसता गाळ होता. थोडे जिवंत होते, तेही आक्रसून ठिपक्याएवढे झालेले. एका बशीत मात्र एकटाच धष्टपुष्ट हायड्रा आरामात शिकार करत होता. बाकीच्या बश्या पाहून मला रडू आलं. राग त्यानंतर आला.

सरांना मात्र आनंदाचं भरतं आलं होतं. "मूलपेशी नसताना याने कातडीच्या पेशींपासून चेतापेशी बनवल्या! विभागाची पाहणी करायला समिती येतेय, तिच्यापुढे हेच मांडायचं. शोधावर पहिलं नाव तुमचं."

"किंवा औषधातून थोड्या मूलपेशी वाचल्या असतील, सर. ज्याच्यात वाचल्या तो शिकार करून जगला, बाकीचे उपाशी मेले. आधी पेशी सुट्या करून तपासू."

"एकुलता एक पुरावा विरघळवणार?"

"अर्धाच. हायड्राचा अर्धा तुकडा पुन्हा पूर्ण होतो."

"समिती येऊन जाऊ दे," म्हणाले, आणि विषय बंद.

माझ्या नोकरीची मुदतवाढ त्याच समितीच्या हातात होती. धाकटीला फोन केला. मागे बाळ किंचाळत होतं. "ताई, एकदा तरी मूग गिळून गप्प बस. नोकरी टिकेल. खोटं तू थोडीच बोलतेयस?"

"नाव माझं आहे ना पहिलं."

"नेहमीसारखी पायावर धोंडा मारून घेणार तू," ती म्हणाली.

खरं सांगायचं तर ते खरं असावं असं मलाही वाटत होतं. इतकी वर्षं भरवलेल्यांपैकी एकाने असं काही करून दाखवलं असतं, तर मी नाचले असते. म्हणूनच न तपासता टाळ्या घेणं माझ्या गळ्याखाली उतरेना.

समिती आली. सरांनी झकास भाषण केलं आणि मला तो हायड्रा पडद्यावर दाखवायला सांगितलं. मी दाखवला. मग पातं घेतलं आणि सगळ्यांदेखत त्याचे मधोमध दोन तुकडे केले.

"अहो, काय करताय!" सर ओरडले.

"तपासणी. कोणी केलीच नव्हती."

वरचा तुकडा बशीत राहू दिला आणि खालचा पेशी सुट्या करणाऱ्या द्रावात टाकला. समितीचा चहा होईपर्यंत काचपट्टी तयार झाली. पडद्यावर कातडीच्या मोठ्या पेशी दिसल्या, आणि मधे मधे लहान, गोल, मोठं केंद्रक असलेल्या पेशींचे पुंजके. समितीतल्या सगळ्यांत वयस्कर बाई उठून पडद्यापाशी गेल्या.

"या मूलपेशी आहेत," त्या म्हणाल्या.

"त्याही नव्याने बनल्या असतील!" सर म्हणाले.

"असतीलही," मी म्हटलं. "सिद्ध करा, मी पहिली टाळी वाजवेन. आज दिसतंय ते एवढंच, की त्या आहेत. माझं नाव काढून टाका."

बाईंनी कप खाली ठेवला आणि सरांना पुढचा विषय घ्यायला सांगितलं.

समिती गेल्यावर सर माझ्या खोलीत आले. चेहरा लालबुंद झाला होता. "तुमची मुदतवाढ मी मागितली नाही. उद्यापासून यायची गरज नाही."

नोकरी गेली होती. पण बश्यांत ते आक्रसलेले ठिपके होते, आणि त्यांना या इमारतीत माझ्याशिवाय कोणी भरवू शकत नव्हतं.

"उद्या येणार," मी म्हटलं. "परवाही येणार. माझ्या जागी कोणाला आणायचं ते आणा, मी भरवायला शिकवते. त्याचा हात बसला की जाईन."

"आणि मी दाराला कुलूप लावलं तर?"

"तर मी कुलूप तोडेन. एकदा तुम्ही त्यांना उपाशी मारलंत, सर. दुसऱ्यांदा माझ्या डोळ्यांदेखत नाही."

मी स्टूल ओढलं आणि पहिल्या बशीचं झाकण काढलं.