एका खोलीतल्या जावा

सुवर्णा गांगुर्डे ध्यान केंद्रावर पोचली तेव्हा संध्याकाळ होत आली होती. नाशिकपासून फार लांब नाही, पण डोंगराच्या पायथ्याशी असल्यामुळे तिथे शहरापेक्षा जास्त थंडी होती. मोबाइल ऑफिसात जमा झाला. नियम सांगून झाले: दहा दिवस कुणाशी बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, कुणाच्या नजरेला नजर द्यायची नाही.

सुवर्णाला त्याचं काही वाटलं नाही. मुलगा शिकायला बंगळुरूला गेल्यापासून अंबडच्या फ्लॅटमध्ये तसंही बोलायला कुणी नव्हतं. नवरा, शेखर, कंपनीतून दमून यायचा आणि टीव्हीसमोरच झोपायचा. तिचं बीपी वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, डोकं शांत ठेवा. म्हणून ती आली होती.

तिने खोलीचं दार ढकललं. आत दोन खाटा होत्या. खिडकीजवळच्या खाटेवर एक बाई पाठमोरी उभी राहून चादर घालत होती. दाराचा आवाज ऐकून ती वळली.

ती छाया होती. सुवर्णाची थोरली जाऊ.

दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. मग छायाने मान वळवून चादरीची घडी पुन्हा मोडली, पुन्हा घातली.

छाया चांदवडकडे गावी राहायची. सासू नवसाबाई, ज्यांना दोघी आत्या म्हणत, शेवटची काही वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. त्यांचं सगळं छायाने केलं. सुवर्णा रविवारी जायची, फळं न्यायची, आत्यांजवळ बसायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत यायची. आत्या गेल्या. दशक्रियेला सगळे नातेवाईक गोदावरीच्या घाटावर जमले होते. सुवर्णा काहीतरी उचलून ठेवायला पुढे झाली, तेव्हा सगळ्यांच्या देखत छाया म्हणाली, "राहू दे. पाहुणीसारखी येत होतीस, आता पाहुणीसारखीच जा."

सुवर्णा जेवणाला थांबली नाही. समोर दिसली त्या रिक्षात बसली आणि घरी आली. तेव्हापासून दोघी बोलत नव्हत्या. भाऊ-भाऊ फोनवर बोलायचे. जावा मात्र लग्नाकार्यात मांडवाच्या दोन टोकांना बसायच्या.

सुवर्णा तशीच मागे फिरली. बायकांच्या बाजूची व्यवस्था मनीषाताई नावाच्या सेविका पाहत होत्या. व्यवस्थेपुरतं त्यांच्याशी बोलायची मुभा होती.

"ताई, मला दुसरी खोली मिळेल का?"

"खोलीत काही अडचण आहे का?"

"खोलीत नाही. खोलीतल्या बाईंशी आहे."

मनीषाताईंचा चेहरा पडला. "दोघींचं आडनाव एकच दिसलं. वाटलं, घरच्याच असाल, सोबत होईल. आता सगळ्या खोल्या भरल्यात हो. आणि त्यांच्याशी बोलायचं तर नाहीच आहे तुम्हाला."

न बोलण्याचा सराव तर दोघींना चांगलाच होता.

शिबिर सुरू झालं. पहाटे घंटा, अंघोळ, मग हॉलमध्ये डोळे मिटून बसायचं. आधी नुसता श्वास बघायचा. सुवर्णाला श्वास सापडायचा आणि लगेच निसटायचा. त्याच्या जागी घाट यायचा, ते वाक्य यायचं. मग ती मनातल्या मनात उत्तर रचायला लागायची. मौन सुटलं की छायाला तोंडावर काय ऐकवायचं, याचं तिने अख्खं भाषण तयार केलं. गुडघे दुखायला लागले की भाषण आणखी तिखट व्हायचं.

एका पहाटे घंटेच्या आधी तिला अर्धवट जाग आली. कुणीतरी तिच्या पायांवर पांघरूण नीट घालत होतं. मग एक हात तिच्या खांद्याखाली सरकला, कुशीवर वळवायला सरकवतात तसा, आणि अचानक थांबला. अंधारात छाया क्षणभर तशीच वाकून उभी राहिली. मग हात काढून घेऊन आपल्या खाटेवर जाऊन बसली.

दुसऱ्या पहाटेही तसंच झालं. त्यानंतरच्या पहाटे सुवर्णा जागीच होती. छाया झोपेतच उठल्यासारखी उठली, अर्ध्या वाटेत भानावर आली आणि परत फिरली.

तेव्हा सुवर्णाला उमगलं. ही आत्यांची कूस बदलून द्यायची वेळ होती. आत्या जाऊन इतका काळ लोटला, तरी छायाचं अंग अजून त्याच वेळेला उठत होतं.

त्या दिवशी हॉलमध्ये तिला आपले रविवार आठवले. ती पोचायची तेव्हा ऊन वर आलेलं असायचं. आत्यांची अंघोळ झालेली, वेणी घातलेली, अंथरुणावर धुतलेली चादर. तिला वाटायचं, आत्या अशाच असतात. चादर बदलण्याआधीच्या आत्या तिने कधी पाहिल्याच नव्हत्या. आपल्याला जे वाक्य लागलं, ते किती रात्री न झोपलेल्या बाईच्या तोंडून आलं होतं, हे तिच्या मनात पहिल्यांदाच आलं. तिने भाषण आठवून पाहिलं. पहिल्या दोन ओळींपुढे ते सरकेना.

शिबिर निम्म्यावर आलं होतं. एका दुपारी जेवून ती खोलीत आली, तर छायाची बॅग भरलेली. अंथरूण गुंडाळलेलं. छाया खाटेच्या कडेला बसून चपलेचा पट्टा लावत होती. तिचे डोळे लाल झाले होते.

बोलायचं नव्हतं, खूणही करायची नव्हती. सुवर्णा दारात घुटमळली. मग पुढे झाली, बॅगेची चेन उघडली आणि वरच ठेवलेली छायाची शाल काढून खिडकीजवळच्या दोरीवर वाळत घालावी तशी घातली. आणि छायाकडे पाठ करून आपल्या खाटेवर बसली.

बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मग पट्टा सुटल्याचा आवाज आला.

शेवटी मौन सुटलं. हॉलबाहेरच्या ओट्यावर बायकांचा असा गलका उठला, जणू पंचवटीचा भाजीबाजारच तिथे भरला. त्या गलक्यात दोघी जावा नळाजवळ उभ्या होत्या.

"शाल का काढलीस गं?" शेवटी छायानेच विचारलं.

"थंडी होती."

"भर दुपारी?"

सुवर्णाला हसू आलं. छायाही हसली आणि हसता हसता तिला रडू फुटलं. सुवर्णाने तिला ओट्याच्या टोकाला नेऊन बसवलं.

"कशाला निघाला होतात, ताई?"

"सोसेना मला. डोळे मिटले की माझंच बोलणं कानात यायचं. अन् खोलीत आले की समोर तू. मी लय थकले होते त्या वक्ताला. पण थकलं म्हणून माणसानं असं बोलू नाय."

"तुम्हाला माहीत होतं, मी इथे येणार?"

"कुठलं! शेखर भाऊजींनी आमच्या ह्यांना फोनवर शिबिराचं सांगितलं. मला झोप नाय लागत, म्हणून योगिनीनं नाव घातलं. लेक हाय, ऐकती का?"

सुवर्णा म्हणाली, "मी यायचे तेव्हा आत्यांची वेणी घातलेली असायची. रोज घालायचात?"

"रोज. केस मोकळे असले की त्यांना चैन पडायची नाय." छायाने पदराने डोळे पुसले. "तू आणलेले चिकू त्या आठवडाभर पुरवून खायच्या. तू गेलीस की विचारायच्या, धाकटी आता कधी येईल. हे मी तुला तेव्हाच सांगाया पाहिजे होतं. नाय सांगितलं."

सुवर्णाने छायाचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि तसाच धरून ठेवला.

"पहाटे तुम्ही मला पांघरूण घालायचात," थोड्या वेळाने ती म्हणाली.

छाया ओशाळली. "जागी होतीस तू?"

"होते. त्यानंतर लगेच घंटा व्हायची, नाहीतर फार छान झोप लागली असती."

दुपारी सुवर्णा मुद्दाम मनीषाताईंना शोधत भोजनालयात गेली. "तुम्ही मला दुसरी खोली दिली नाहीत, त्याचे फार उपकार झाले," ती म्हणाली आणि त्यांना वाकून नमस्कार करायला लागली.

मनीषाताईंनी घाईने तिला धरलं. "अहो, माझे कसले उपकार? खोलीच नव्हती शिल्लक!"

"नव्हती, तेच बरं झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेखर गाडी घेऊन आला. बायको आणि वहिनी एकच पिशवी दोन बाजूंनी धरून गेटातून येताना दिसल्या, तेव्हा तो गाडीतून उतरायचंच विसरला.

"वहिनींना चांदवडच्या बसला सोडू ना?" त्याने चाचरत विचारलं.

"घरी चला," सुवर्णा म्हणाली. छायाने परत मिळालेल्या मोबाइलवरून नवऱ्याला फोन लावला आणि ठणकावून सांगितलं, "मी उद्या येते. आज धाकटीकडे हाय." पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. "ऐकू येतंय का?" छायाने विचारलं. ऐकू येत होतं.

अंबडच्या फ्लॅटमध्ये छाया पहिल्यांदाच येत होती. वास्तुशांतीलाही ती आली नव्हती. तिने फिरून सगळ्या खोल्या पाहिल्या, गॅलरीतली झाडं पाहिली, पुतण्याच्या फोटोसमोर थांबली. मग हात धुऊन, पदर खोचून स्वयंपाकघरात शिरली.

"ताई, तुम्ही बसा. मी करते," सुवर्णा म्हणाली.

"दोघी करू. तू भाकरी थाप, मी पिठलं टाकते." छाया एकेक डबा उघडून बघत होती. "मीठ कुठं ठेवतीस गं तू?"

सुवर्णाने मिठाचा डबा काढून तिच्या हातात दिला.