माझा धूर कुठवर गेला

मित्रांनो, डेपोच्या मागच्या भिंतीला लागून चाकं काढलेली जी निळी बस उभी आहे ना, ती मी. चौदा वर्षं मी शहराच्या मध्यापासून टेकडीपलीकडच्या शेवटच्या थांब्यापर्यंत धावले. नवी होते तेव्हा माझं भारी कौतुक. माझ्या एका टाकीत युरियाचं पाणी भरत. धुरातल्या नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा विषारीपणा ते बराचसा काढून घ्यायचं.

माझ्या ड्रायव्हरला त्याच्या मोठ्या बहिणीने लहानाचं मोठं केलं होतं. ताईंना दमा. शहरातला धूर त्यांना सोसेना, म्हणून त्याने शेवटच्या थांब्याजवळ दोन खोल्या बघितल्या. खिडकीशी शिवणयंत्र मांडून ताई तिथे कामाला लागल्या. भावाला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

पुढे माझी युरियाची यंत्रणा सारखी बिघडू लागली. ती बिघडली की इंजिन आपोआप जोर कमी करायचं. मग चढावर माझी ताकद जायची आणि प्रवासी कुरकुरायचे. वैतागून ड्रायव्हरने मेकॅनिकला ती बंदच करायला सांगितली. मी झरझर चढू लागले. सगळे खूश. खरं सांगते, मीही हुरळले.

त्याच उन्हाळ्यात ताईंचा दमा उफाळला. सकाळी बऱ्या असायच्या, पण दुपार कलली की छाती भरून यायची. दवाखान्यातून आल्यावर ड्रायव्हर माझ्या पायरीवर मटकन बसला आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं मेकॅनिकला सांगू लागला. धुरातली ती ऑक्साइडं आणि पेट्रोलच्या नि रंगांच्या वाफा कडक उन्हात एकत्र आल्या, की ओझोन तयार होतो. आभाळात उंचावर तो आपल्याला जपतो, पण जमिनीलगत फुप्फुसं पोळतो. भर रस्त्यात ताजा धूरच त्याला थोडाफार खाऊन टाकतो. वाऱ्याबरोबर काही तास वाहत गेल्यावर, शहराबाहेर तो वाढतो.

"ताईला धुरातून काढलं," तो म्हणाला, "आणि धुराच्याच वाटेवर नेऊन ठेवलं."

"अरे, हजारो गाड्या आहेत. तुझ्या एकट्या गाडीने काय होतंय?"

"त्या हजारांत ही एक माझी आहे. यंत्रणा चालू कर. चढायला वेळ लागला तर लागू दे."

दुसऱ्याच दिवशी ते काम झालं. मी पुन्हा रडतखडत चढू लागले. प्रवाशांची बोलणी तो मुकाट ऐकून घ्यायचा. पण ताईंची फुप्फुसं पूर्वीसारखी झाली नाहीत. पायाने यंत्र चालवताना धाप लागू लागली, तेव्हा त्यांनी ते शेजारणीला देऊन टाकलं. भावाला त्यांनी एका शब्दानेही दोष दिला नाही. तेच त्याला जास्त लागलं.

मित्रांनो, मी आता भंगारात जाईन, त्याचं मला फार वाटत नाही. वाटतं ते त्या एका उन्हाळ्याचं. म्हणून सांगते, तुमच्या गाड्यांची निगा राखा. धूर दिसेनासा झाला म्हणजे संपला, असं समजू नका. तो कुणाच्या तरी ताईच्या घराकडे निघालेला असतो.