जे देशात आलंच नव्हतं

सिरिल अंकलनी पहिली सिगारेट सत्तेचाळिसाव्या वर्षी ओढली. त्या वयात लोक सोडतात. पण २००९मध्ये त्यांच्या कंपनीने एका सकाळी दाराला कुलूप लावलं आणि बाहेर उभ्या चाळीस जणांत वाटण्यासारखी एकच गोष्ट होती, कुणाच्या तरी खिशातलं पाकीट. पुढे शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये स्टोअरकीपरची नोकरी लागली, पण सिगारेट काही राजीनामा देईना.

मग वसईहून जॅकलीनने, त्यांच्या मुलीने, फोनवर लग्नाची तारीख सांगितली. २०१३चा जानेवारी. त्याच दमात म्हणाली, "पप्पा, इफ आय स्मेल इट ऑन यू, आय वॉक डाउन द आइल अलोन."

मी दुबईच्या करामा भागात त्यांच्याकडे पेइंग गेस्ट. माझ्याकडे एक जास्तीची इलेक्ट्रॉनिक सिगारेट होती, मलेशियाहून मोज्यातून आणलेली. ऑफिसातले आम्ही तिघं हा छंद करायचो. तार गुंडाळायची, कापूस भरायचा, वाफ काढायची आणि एकमेकांच्या वाफेवर मत द्यायचं. देशात ती आणायला बंदी, विकायला बंदी. आधीच खिशात असलेलीचं काय, हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायला कुणी जात नव्हतं.

ती जास्तीची मी अंकलना दिली आणि ते त्या नळीवर टिकले. सप्टेंबरपासून सिगारेट शून्य. नोव्हेंबरात कापूस संपला.

लंडनहून त्यांचा भाचा डॅरिल कापसाचं पार्सल पाठवणार होता. मी बजावलं होतं, वर नुसतं 'गिफ्ट' लिहायला सांगा. पण पॅकिंग लिस्टशिवाय माल हलवणं अंकलच्या रक्तात नाही. त्यांनी डॅरिलला ईमेलने फॉरमॅटच पाठवला: वस्तू, नग, वजन, उपयोग. डॅरिल आज्ञाधारक. 'उपयोग'पुढे त्याने लिहिलं, ई-सिगारेट.

कस्टम्सच्या काउंटरवरच्या अधिकाऱ्याने तो कागद कौतुकाने उलटसुलट पाहिला. इतके नीट कागद रोज येत नाहीत म्हणाला. मग म्हणाला, "खलास, हबीबी." माल नष्ट करायला संमती म्हणून अंकलनी सही केली आणि फायलीसाठी एक कॉपी मागून घेतली.

मी त्यांना बर दुबईत देवळाच्या गल्लीत नेलं. कापूस तो कापूस. दुकानदाराने विचारलं, वाती कुठल्या देवासाठी? अंकलनी विचार करून सांगितलं, जॅकलीनसाठी. पाच दिरहमचं, म्हणजे पंच्याहत्तर रुपयांचं पाकीट घेतलं. घरी आल्यावर कळलं, त्या तुपात भिजवलेल्या फुलवाती होत्या. अंकलनी एकच झुरका घेतला आणि पंधरा मिनिटं खोकले. घरभर आरती झाल्याचा वास. स्वयंपाकघरातून अंकलच्या बायकोने, हिल्डा आंटींनी, मला विचारलं, "आज तुमचा कुठला सण?" दुसरं पाकीट कोरडं आणलं. त्यावर डिसेंबर निघाला.

आंटी नाताळालाच वसईला गेल्या. जानेवारीत अंकलना मी माझ्या गाडीतून विमानतळावर सोडलं. उतरता उतरता ते थांबले.

"आणायला बंदी आहे. बाहेर न्यायला आहे का?"

"अंकल, खिशात ठेवा आणि चला."

"आणि परत येताना?"

"ते परत येताना बघू."

"स्टॉकला न चढलेला माल बाहेर काढता येत नाही, तन्मय. विचारायला हवं."

मी अजून पार्किंगमध्येच होतो तेव्हा त्यांचा फोन आला. त्यांनी खरोखर विचारलं होतं. अधिकाऱ्याने वरच्याला बोलावलं, वरच्याने आणखी एकाला. अंकल धरून चौघांनी मिळून विचार केला. जे देशात आलंच नव्हतं, ते जाण्यासाठी फॉर्मच नव्हता. शेवटी सगळ्यात मोठ्या साहेबाने तोडगा काढला. अंकलनी नळी टेबलावर ठेवायची आणि विसरायची.

"मग?"

"विसरलो. पावती मात्र दिली नाही."

विमानाला दोन तास होते. पलीकडे जॅकलीन त्यांना घ्यायला मुंबईच्या विमानतळावर येणार होती.

"समोर काचेची खोली आहे," अंकल म्हणाले. "धुराने भरलेली. आतला एक जण मला हाताने खूण करतोय, जागा आहे म्हणून." मग आवाज खाली गेला. "तू बोलत राहा. काहीही बोल."

काहीही बोल म्हटलं की मला काही सुचत नाही. फोन स्पीकरवर टाकला, त्यातच कस्टम्सची बंदी असलेल्या मालाची यादी उघडली आणि वाचायला लागलो. जुगाराचं सामान. हस्तिदंत. वापरलेले टायर. प्रत्येकाला अंकल "बरोबर" म्हणत होते, जणू माल उतरवून घेतायत.

"नायलॉनची तीन पदरी मासेमारीची जाळी."

"बरोबर" आलं नाही. मला वाटलं, गेले खोलीत.

"तीन पदरीच का?" अंकल म्हणाले. "दोन पदरी चालतात?"

मला ठाऊक नव्हतं. त्यांना होतं, किंवा बोलता बोलता सापडत गेलं. बाहेरचे दोन पदर मोठ्या भोकांचे, मधला बारीक आणि सैल. मासा मधल्याला ढकलत पुढे जातो आणि पलीकडच्या भोकातून स्वतःची पिशवी स्वतःच तयार करतो. त्यांच्या थोरल्या भावाकडे तसली जाळी होती. बंदी का असावी, यावर त्यांनी तीन शक्यता मांडल्या आणि दोन खोडून काढल्या. मी पार्किंगचे पैसे दोनदा भरले.

मागे बोर्डिंगची घोषणा ऐकू आली.

"अंकल, जा आता."

"थांब, लाइन मोठी आहे," ते म्हणाले. "जाळ्यांनंतर काय आहे?"