याहून बरी जागा

कुठे बसलं म्हणजे काय दिसतं, हे लोकांना सांगण्यात माझी अर्धी हयात गेली. मी एका नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीत बसते. समोर काच, काचेला हात जाईल एवढं भोक आणि भोकापलीकडे गिऱ्हाईक. कडेची खुर्ची घेऊ नका, पहिल्या रांगेत मान अवघडेल, बाल्कनीतून नटांची टकलंच दिसतात, हे सगळं मी कुणी न विचारता सांगते. नातेवाईक म्हणतात, ही मयताला गेली तरी बरी बाजू बघून उभी राहते. ते खोटं नाही. मागे अशाच एका मयताला दोन म्हाताऱ्यांना मी खांबामागून उठवून पुढे आणून बसवलं होतं. बिचाऱ्यांना तिथे काहीच बघायचं नव्हतं, पण माझ्यापुढे बोलतो कोण?

माझी ताई याच्या अगदी उलट. ती जिथे टेकेल तिथे बसते. ती उपग्रहांची पांघरुणं शिवते. वर एका बाजूला मरणाचं ऊन आणि दुसऱ्या बाजूला मरणाची थंडी, म्हणून उपग्रहाला चकचकीत सोनेरी पापुद्र्यांचं पांघरूण घालतात. ते पापुद्रे एकावर एक ठेवून हाताने शिवावे लागतात. हातमोजे घालायचे, केस झाकायचे आणि शिंक आली तर खोलीबाहेर पळायचं. मी मात्र कितीतरी वर्षं शेजारणींना सांगत होते की माझी बहीण गाद्या-रजयांच्या कारखान्यात कामाला आहे. ताईच्या कानावर ते गेलं होतं. ती म्हणाली, फार काही चुकलेलं नाही.

मागच्या उपग्रहाचं पांघरूण तिने एकटीने शिवलं होतं. रॉकेट झोकात उडालं. शिवणखोलीतल्या टीव्हीपुढे सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ताईनेही वाजवल्या आणि ती डबा खायला गेली. परत आली तर खोलीत कुणी कुणाकडे बघत नव्हतं. वर गेल्यावर शेवटचा टप्पा पेटलाच नाही आणि उपग्रह पांघरुणासकट समुद्रात गेला. महिनोन्‌महिने एकेक टाका घालून केलेलं काम, आणि ते बुडालं तेव्हा आपण पोळीचा घास चावत होतो, हे तिच्या मनातून जाईना. तेव्हापासून कुठेही टाळ्या वाजल्या की ती दचकते. आमच्या नाट्यगृहात तिने येणंच सोडलं.

आता नवा उपग्रह जायचा होता. त्याचंही पांघरूण तिचंच, आणि हे शेवटचं, कारण ती निवृत्त होणार होती. कर्मचाऱ्यांसाठी उड्डाण बघायला खास सज्जा होता, पण पास माणशी एक. घरच्यांना मज्जाव. ताईने पास परत केला आणि मला फोन केला. म्हणाली, "मला एकटीला बघवणार नाही. तू येशील का?"

बघवणं आणि दिसणं यातला फरक शाळेत न गेलेल्या पोरालाही कळतो. मला कळला नाही. तिकीट खिडकीत बसून बसून माझे कान असे झाले आहेत की कुणीही काहीही म्हटलं तरी मला 'इथून दिसेल का?' एवढंच ऐकू येतं. ही बाई हातची जागा सोडून आली आहे आणि हिला जागा मिळवून द्यायची आहे, एवढंच मी ऐकलं. काळजी करू नकोस, सज्ज्याच्या तोंडात मारेल अशी जागा शोधते, असं सांगून मी फोन ठेवला. ती आणखी काही बोलणार होती बहुतेक.

मग मी कामाला लागले. खिडकीवर येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. नकाशा काढून समुद्राच्या बाजूला पेन्सिलीने रेघा मारल्या. उड्डाणाच्या दिवशी ताईला स्कूटरवर मागे बसवलं आणि दोघी निघालो. पिशवीत उकडलेली अंडी, पाणी, दोन टोप्या आणि बसायला सतरंजी. ताईने विचारलं, कुठे जायचं? मी म्हटलं, तू फक्त बस.

पहिली जागा होती एका फर्निचरच्या दुकानाची गच्ची. मालक ओळखीचा, नेहमी मधल्या रांगेत बसणारा. त्याने आमच्यासाठी दोन सोफे वर चढवून ठेवले होते. ताई सोफ्यात रुतली आणि समाधानाने अंडं सोलू लागली. मी उभी राहून हात डोळ्यांवर धरला, तर ऊन थेट तोंडावर. उड्डाणाच्या वेळी सूर्य नेमका कुठे असेल याचा विचार मी केला नव्हता, कारण नाट्यगृहात सूर्य नसतो. मी ताईला अर्ध्या अंड्यावरून उठवलं. मालकाचा चेहरा उतरला. सोफे परत खाली कोण नेणार, हे त्याने विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दुसरी जागा खाडीच्या बांधावर. तिथे खरोखर बरं होतं. समोर मोकळं पाणी, पलीकडे झाडांची काळी रेघ आणि त्या रेघेवर उड्डाणतळाचा उंच मनोरा काडीएवढा. माणसं आपापल्या खुर्च्या उघडून बसली होती. गटाराचा एक मोठा सिमेंटचा पाइप आडवा पडला होता, त्यावर ताई सतरंजी घालून बसली आणि म्हणाली, "छान आहे. इथेच बसू." शेजारी घडीच्या खुर्चीवर एक गृहस्थ होते, शाळेत ड्रॉइंग शिकवत. त्यांच्या फोनवर तळावरची सगळी माहिती चालू होती आणि ते ती आजूबाजूच्यांना मोठ्याने सांगत होते. ताई त्यांच्याकडे कान देऊन बसली. तिला हवं होतं ते सगळं तिथे होतं, एक मी सोडून. मी पाइपवर नव्हतेच. मी बांधावर पुढे-मागे फिरत होते, कारण मनोऱ्याच्या बरोबर पुढे विजेचा एक खांब येत होता.

पाइपच्या डाव्या टोकाला सरकलं तर खांब सुटत होता, पण झाड येत होतं. उजव्या टोकाला एक कुटुंब बसलं होतं. त्यांना मी जरा सरकता का म्हणून विचारलं, तर त्यांच्यातली आजी म्हणाली, रॉकेट काय खांबाएवढंच उंच जाणार आहे का? बांधावरचे सगळे हसले. ताईसुद्धा हसली. झालं, माझ्या नाकाला मिरची झोंबली. तेवढ्यात पंक्चर काढणारा एक जण म्हणाला की पाण्याच्या टाकीच्या टेकाडावरून बुडापासून सगळं दिसतं, पहिल्या ठिणगीपासून. मी ताईला म्हटलं, ऊठ.

ताई उठली नाही. गुडघे धरले आहेत म्हणाली. मग म्हणाली, खांब राहू दे, तू बस ना. मी म्हटलं, नुसती बघून येते, बरी असेल तर तुला न्यायला येते, हा गेले आणि हा आले. तिने माझ्या ओढणीचं टोक धरलं होतं. मी ते सोडवून घेतलं, स्कूटरच्या चाकात जाईल म्हणून, आणि निघाले. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो म्हणतात. मी तर लग्न दुसरीचं असताना धावत होते.

टेकाडाची जागा अप्रतिम होती. असं मी आजवर एकाही खुर्चीबद्दल म्हटलेलं नाही. ना ऊन, ना खांब, ना पुढे कुणाचं डोकं. मनोरा, त्याला टेकलेलं पांढरं रॉकेट, खालचा पांढरा ओटा, सगळं बुडापासून. मी ताईला आणायला वळले तर रस्ता पोलिसांनी बंद केलेला. उड्डाण होईपर्यंत एकही वाहन खाली सोडायचं नाही असा हुकूम होता. मी म्हटलं, माझी बहीण खाली आहे. पोलीस म्हणाला, बाई, सगळ्यांचं कुणी ना कुणी खालीच आहे. मी फोन लावला, तर एवढ्या गर्दीत फोन कसला लागतोय. मी पायीच निघायला हवं होतं. हे मला आता सुचतंय असं नाही, तेव्हाही सुचलं होतं. पण शेजारी उभ्या असलेल्या एका काकांनी तेवढ्यात दुर्बीण पुढे केली आणि म्हणाले, घ्या, वेळ होत आली. मी घेतली.

आणि मी सगळं बघितलं. बुडाशी आधी उजेड झाला, मग दोन्ही बाजूंनी धूर लोटला आणि ते प्रचंड धूड अगदी सावकाश, जड माणूस खुर्चीतून उठतो तसं उठलं. आवाज मागाहून आला आणि छातीत घुसला. खालचा जाळ इतका पांढरा होता की डोळ्यांत पाणी आलं. त्या जाळावर दुर्बीण रोखून मी ते ढगात जाईपर्यंत बघत राहिले. भोवती सगळे ओरडत होते, मीही ओरडत होते. मग टाळ्या सुरू झाल्या आणि मी दुर्बीण खाली घेतली. या टाळ्या आता खाली बांधावरही वाजत असणार. आणि ताई तिथे एकटी होती. मला एकटीला बघवणार नाही, असं म्हणाली होती ती. तिला जागा नको होती. तिला शेजारी मी हवी होते. एवढं साधं वाक्य मला कळायला रॉकेट उडावं लागलं.

दुर्बीण काकांच्या हातात कोंबून मी पळत सुटले. स्कूटर गाड्यांच्या मागे अडकली होती, ती तशीच सोडली. खालची सगळी गर्दी घरी जायला वर रस्त्याकडे येत होती आणि मी एकटी उलटी धावत होते. माझ्या वयाच्या बाईने धावू नये, हे वाटेत भेटलेल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. एक चप्पल तुटली, मग मी दुसरीही काढून हातात घेतली.

बांध जवळजवळ रिकामा झाला होता. ताई पाइपवरच होती, पण खाडीकडे पाठ करून. ती रस्त्याकडे तोंड करून बसली होती, मी जिकडून येणार होते तिकडे. म्हणजे तिने काहीच बघितलं नव्हतं. मला बघून ती रागावली नाही. त्याने मला जास्तच लागलं.

तिने विचारलं, "गेलं का नीट?"

मी म्हटलं, नीट गेलं. मग धापा टाकत म्हटलं की मी गाढव आहे. ती म्हणाली, ते नंतर बघू, आधी बस. आवाज आला तेव्हा पाइप थरथरला म्हणे, आणि तिने डोळे मिटून घेतले. लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा तिने कानही झाकले. मी म्हटलं, झालं ना पण आता, चल, घरी जाऊ. ती म्हणाली, मागच्या वेळीही इथपर्यंत सगळं ठीकच होतं. शेवटचा टप्पा पेटायला अजून अवकाश आहे.

ड्रॉइंगचे मास्तर खुर्ची मिटत होते. ताईने त्यांना विचारलं की थोडं थांबता का. त्यांनी आमच्या दोघींच्या तोंडांकडे बघितलं, खुर्ची पुन्हा उघडली आणि फोन पाइपवर ताईच्या बाजूला ठेवला. काही न विचारता. मी तिच्याजवळ बसले. समोर बघण्यासारखं काहीच नव्हतं. धुराची रेघ वाऱ्याने वाकडी झाली होती आणि खांब होता तिथेच होता. ताईने माझं मनगट धरलं. सुईने तिच्या बोटांची टोकं इतकी टणक झाली आहेत की ती रुतली. फोनमधला माणूस मधूनमधून काहीतरी आकडे सांगे आणि मग बराच वेळ गप्प बसे. तो गप्प झाला की ताईचा श्वास थांबे. मी तिला धीराचं काही सांगणार होते, पण आयुष्यात प्रथमच मला न विचारता काही सांगावंसं वाटलं नाही. भीती वाटत होती. हिने आजवर या भीतीत एकटीने किती दिवस काढले असतील, हे मनात आलं आणि मी दुसरा हातही तिच्या हातावर ठेवला.

मग तो म्हणाला की टप्पा पेटला. ताईने हात सोडला नाही. आणखी काही वेळाने म्हणाला की उपग्रह सुटा झाला, ठरल्या जागी गेला. फोनमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. ताई दचकली नाही. ती नुसती ऐकत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मास्तरांनी भलतीकडे बघितलं. माझंही काही वेगळं चाललं नव्हतं.

पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "आता सांग. तू बघितलंस ना? टोक कसं दिसत होतं?"

मी विचारलं, कसलं टोक?

"रॉकेटचं, अगं. अगदी वरचं. त्याच्याच आत होतं ना माझं पांघरूण."

बुडापासून दिसणारी जागा, हातात दुर्बीण, मध्ये ना खांब ना झाड, आणि मी पूर्ण वेळ खालचा जाळ बघत होते. वर काय आहे, कुणाचं आहे, हे माझ्या मनातही आलं नाही. एखादी थाप मारता आली असती. चमकत होतं म्हटलं असतं तर तिने मानलंही असतं.

मी म्हटलं, "ताई, मी जाळच बघत बसले गं. टोकाकडे बघितलंच नाही."

ती हसायला लागली, आणि अशी हसली की पाइपवरून घसरता घसरता वाचली. मास्तरही हसले, कशाला ते न कळताच.

"म्हणजे दोघींनीही नाही बघितलं," ती म्हणाली, आणि मी उठवावं म्हणून तिने हात माझ्यापुढे केला.