तीन आउट

“आई, हे बॅनर कुणी केलं?”

बुद्धभूषणने फोन आईपुढे धरला. संध्या मावशींनी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला होता. वर बाबासाहेब, खाली टोपी घातलेला, हसरा, दहा वर्षांपूर्वीचा बुद्धभूषण आणि त्याखाली जाड अक्षरांत : ‘बेसबॉलच्या मेजर लीगमध्ये खेळलेले पहिले मराठी पिचर बुद्धभूषण शंकरराव रामटेके यांचा जाहीर सत्कार’.

“दिगंबर भाऊंनी केलं. काहून, नाव चुकलं का?” आईने तव्यावरची पोळी उलटली.

“नाव बरोबर आहे.”

“मग?”

“सत्कार कॅन्सल नाही का करता येणार?”

“रविवारी जयंतीचा प्रोग्रॅम आणि आज गुरुवारी कॅन्सल म्हणतोस? तुझे बाबा असते तर सकाळी आठपासून पुढची खुर्ची धरून बसले असते.”

बाबांचा विषय निघाला की अमेरिकेतल्या मॉरिसव्हिलच्या त्या घरातलं बोलणं तिथेच संपायचं. बुद्धभूषण फोन खिशात टाकून पोळी खायला बसला.

मार्चमध्ये तो दोन बॅगा घेऊन कायमचा घरी आला होता. वय पस्तीस. टीमच्या फ्लोरिडातल्या सराव-कॅम्पमध्ये त्याच्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या मॅनेजरने त्याला ऑफिसात बोलावलं आणि आधी दार लावून घेतलं. दार लावल्यावर पुढचं ऐकायची गरजच नव्हती. चार मिनिटांत टीममधून काढल्याचं सांगून झालं. तो लॉकर आवरायला आला, तोवर त्यावरची त्याच्या नावाची पट्टी कुणीतरी काढून नेली होती. मग अकरा तास गाडी चालवत तो घरी आला. दारात आईने एवढंच विचारलं, “हात दुखतो का?”

शंकरराव नागपूरहून केमिस्ट म्हणून इथल्या औषध कंपनीत आले होते. मुलगा झाला तेव्हा त्यांनी बाबासाहेबांच्या छापखान्याचं नाव मोठ्या अभिमानाने त्याला दिलं. शाळेने पहिल्याच आठवड्यात त्याचं ‘बड’ करून टाकलं. अमेरिकेत बड म्हणजे कुणीही. गॅस स्टेशनवरचा माणूससुद्धा अनोळखी गिऱ्हाइकाला बड म्हणतो. पुढे तो नऊ टीममधून खेळला, पण त्याचं पुरतं नाव घेणारा एकही सोबती त्याला भेटला नाही.

आठवीत त्याचा चेंडू इतका जोरात येऊ लागला की बरोबरची मुलं झेलायला तयार होईनात. शंकररावांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. कॉलेजात ते कधी क्रिकेटही खेळले नव्हते. पण एका शनिवारी त्यांनी कॅचरचा जाड ग्लोव्ह आणला, गुडघे वाकत नाहीत म्हणून अंगणात बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसून म्हणाले, “टाक.” मग रोज कामावरून आले की शर्टाच्या बाह्या दुमडून ते बादलीवर बसत. एकदा त्यांचं डावं बोट मोडलं आणि कायमचं वाकडं राहिलं. लॅबमध्ये विचारलं तर सांगायचे, “गाडीच्या दारात सापडलं.” पोराचं नाव त्यांनी कधी पुढे केलं नाही.

कॉलेज संपल्यावर एका टीमने बुद्धभूषणला घेतलं. सगळ्यात वर मेजर लीग आणि तिच्याखाली लहान लहान गावांतून पसरलेल्या मायनर लीगच्या पायऱ्या. त्या पायऱ्यांवर तो तेरा वर्षं चढला-उतरला. तो रिलीफ पिचर होता. मुख्य पिचरचा हात थकला की मध्येच जाऊन एखादी इनिंग, म्हणजे समोरचे तीन जण आउट होईपर्यंतचा खेळ, सांभाळायची, हे त्याचं काम. तोवर मैदानाच्या कडेला जाळीमागच्या बुलपेनमध्ये बसून राहायचं आणि भिंतीवरच्या फोनकडे कान ठेवायचा. फोनवर आपलं नाव आलं तर उठून हात गरम करायचा. नाही आलं तर बॅग उचलून बसमध्ये बसायचं. बस, मोटेल, मायक्रोवेव्हमधला भात. एखाद्याशी सूर जुळतोय म्हणेपर्यंत सकाळी त्याचं लॉकर रिकामं झालेलं असे. शेजारच्या कॅरी गावातली त्याची मैत्रीण नेत्रा चार वर्षं थांबली. शेवटी म्हणाली, “तू माझ्यासमोर बसलेला असतोस तेव्हाही कुठल्यातरी फोनची वाट बघत असतोस यार.” आणि खरंच तेव्हा बुद्धभूषणचं लक्ष टेबलावरच्या फोनकडे होतं.

तो फोन एकदाच आला. सत्तावीस वर्षांचा होता तेव्हा, ऑगस्टमध्ये. वरच्या टीमचे दोन पिचर जायबंदी झाले आणि त्याला बोलावणं आलं. शंकरराव रजा टाकून सात तास गाडी चालवत तिथे पोचले. आई नर्स होती, तिला हॉस्पिटलमधून सुट्टी मिळाली नाही.

पहिल्या दिवशी फोनवर त्याचं नाव आलं नाही. दुसऱ्या दिवशीही आलं नाही. तिसऱ्या दिवशी आठव्या इनिंगमध्ये आलं. “बड, तयार हो.” तो उठला. बुलपेनच्या अगदी वर, कठडा धरून बाबा उभे होते. त्याने तीसेक चेंडू टाकले. हात इतका मोकळा त्याच्या आयुष्यात कधी चालला नव्हता. प्रत्येक चेंडू जिथे हवा तिथे पडत होता. आता दार उघडणार, आता आपण हिरवळीवरून पळत जाणार. तेवढ्यात मैदानावर एकाच फटक्यात दोघं आउट झाले, इनिंग संपली आणि फोन पुन्हा वाजला. “बड, बस खाली.”

दुसऱ्या दिवशी टीमने बाहेरून एक अनुभवी पिचर आणला आणि बुद्धभूषणला परत पाठवलं. मेजर लीगमध्ये ज्याने एक चेंडू टाकला त्याचं नाव तिथल्या नोंदीत कायमचं राहतं. नुसता हात गरम करणाऱ्याचं नाव कुठेच राहत नाही.

बसमधून त्याने घरी फोन लावला.

“बाबांनी सांगितलं सगळं!” आईचा आवाज फुटत होता. “तीन जण आले आणि तिघंही आउट! मी अख्ख्या वॉर्डला सांगितलं.”

बुद्धभूषणने विचारलं, “बाबा आहेत?”

फोन हातातून हातात गेला. मग बाबा म्हणाले, “जेवलास का?”

“हो.”

आईने फोन परत घेतला. “खरंच ना रे, तिघंही?”

“हो,” तो म्हणाला.

पुन्हा बोलावणं येईल आणि तेव्हा हे खोटं आपोआप फिटेल, असं त्याला वाटलं होतं. बोलावणं आलं नाही. कोपराचं ऑपरेशन झालं, चेंडूचा वेग उतरला, टीम बदलत गेल्या. बापलेक त्या विषयावर कधीच बोलले नाहीत. दोन वर्षांपूर्वी शंकरराव हार्ट अटॅकने गेले, तेव्हा बुद्धभूषण ओक्लाहोमात होता. दोन विमानं बदलून तो पोचला. आदरांजलीच्या सभेत जो तो उठून त्या तीन आउटचा नुसता उल्लेख करत होता.

रविवारी हॉल भरला होता. बुद्धवंदना झाली, भाषणं झाली, लहान मुलांनी अडखळत्या मराठीत बाबासाहेबांवर चार चार ओळी म्हटल्या. मग शाल आणि स्मृतिचिन्ह. आई पहिल्या रांगेत नवी निळी साडी नेसून बसली होती. दिगंबर काका, शंकररावांचे तीस वर्षांचे मित्र, माइक हातात घेऊन म्हणाले, “भाषण नको. त्या तीन आउटबद्दल सांग. तुझ्या बाबांकडून शंभरदा ऐकलंय, आज तुझ्या तोंडून ऐकू दे.”

बुद्धभूषणने माइक घेतला. ती इनिंग त्याला तोंडपाठ होती. किती मोटेलांतल्या किती छतांकडे बघत त्याने ती टाकली होती. आभार मानून खाली बसायचं असं तो घरून ठरवून आला होता, पण तोंडातून आलं, “पहिला बॅटर डावखुरा होता…”

पहिल्या रांगेत आईने हलकेच मान हलवली. नाही, नाही.

“डावखुरा?” दिगंबर काका हसले. “शंकरराव तर म्हणायचे उजव्या हाताचा, दाढीवाला. पहिला बॉल खाली, दुसरा बाहेर, तिसऱ्याला हवेत बॅट!”

लोक हसले. आईही हसली. तिचे ओठ दिगंबर काकांच्या शब्दांबरोबर हलत होते.

बुद्धभूषण माइक धरून उभा राहिला. म्हणजे बाबा नुसतं ‘तीन आउट’ म्हणून थांबले नव्हते. त्यांनी तो माणूस पाहिला होता. त्याला दाढी दिली होती. एकेक चेंडू जागच्या जागी टाकला होता. इतकी वर्षं एकाच घरातली दोन माणसं आपापल्या अंधारात ती इनिंग खेळत होती, आणि दोघांचे बॅटर वेगळे होते.

“काका,” तो म्हणाला, “तो कसा होता मला माहीत नाही. कारण तो माझ्यासमोर आलाच नाही. मी तिथे तीन दिवस होतो. वॉर्म-अप केलं. मॅचमध्ये एकही बॉल टाकला नाही. बॅनरवर लिहिलंय ते चूक आहे.” आईकडे बघायचं त्याने टाळलं. “आईने फोनवर विचारलं तेव्हा मी हो म्हणालो. बाबांनी माझा शब्द राखला, इतकंच. खोटं माझं आहे.”

दिगंबर काकांनी माइक घेतला, “बरं… तिथवर पोचणं म्हणजेसुद्धा… टाळ्या होऊ द्या,” म्हणाले. टाळ्या झाल्या. मग मुलींचा नाच सुरू झाला.

जेवताना लोक त्याच्याशी फार प्रेमाने वागले. एकाने पाठीवर थाप मारली. नागपूरचा ऋषी कानाशी येऊन म्हणाला, “कुणी चेक नसतं केलं यार.” पण बुद्धभूषणला काय विचारावं, हे आता कुणालाच कळत नव्हतं. तो खिडकीपाशी उभा राहून एकटाच जेवला. लांबच्या टेबलाशी आई मान खाली घालून भात वाढत होती.

परत येताना आई गाडी चालवत होती. डेव्हिस ड्राइव्हच्या सिग्नलला गाडी थांबली.

“तू मला हो म्हणालास,” लाल दिव्याकडे बघत ती म्हणाली. “पण त्याच्या आधीच तुझ्या बाबांनी घरी येऊन सांगितलं होतं.”

“हो.”

“आणि तू ते आपल्या अंगावर घेतलंस.”

त्याने मांडीवरची शाल पुन्हा घडी केली.

“आठ वर्षं मी सांगत फिरले. दाढीवाला म्हणे, उजव्या हाताचा म्हणे.” ती त्याच्याकडे वळली. “मग तीन दिवस ते तिथे काय बघत होते?”

“मला.”

“तू तर नुसता बसला होतास.”

“हो. बसलेलाच बघत होते.”

सिग्नल हिरवा झाला. मागे गाडी नव्हती. आईने ब्रेकवरचा पाय उचलला नाही. दिवा पिवळा झाला, पुन्हा लाल झाला.

“ऊन होतं का रे तिथे?” तिने विचारलं.

“होतं. खूप.”

“टोपी होती त्यांच्याकडे?”

“नव्हती,” बुद्धभूषण म्हणाला. “हात कपाळाला लावून उभे होते.”