तिघांपैकी एकाची फरसबी

खरेदी कंपनीचं पत्र सोमवारी आलं. युरोपात पोचलेल्या फरसबीत तिथं बंदी असलेलं औषध सापडलं होतं आणि सगळा माल तिकडेच जाळून टाकला होता. त्या मालाच्या क्रेटवर तीन शेतकऱ्यांचे क्रमांक होते: करिथी, म्हातारी न्यागुथी आणि माल गोळा करायची शेड सांभाळणारी मुरुगी. गुरुवारपर्यंत दोषी शेत सांगा, त्या एकाचा क्रमांक रद्द करू. नाही सांगितलं तर शेडच बंद. म्हणजे टेकडीवरच्या बत्तीस घरांची फरसबी विकणंच बंद.

मुरुगीचा संशय करिथीवर गेला आणि तिथंच तळ ठोकून बसला. शेडचा नियम साधा होता. औषध शेडच्या कपाटातलं, फवारायचा पंप शेडचा, किल्ली मुरुगीकडे. पत्रातलं लांबलचक नाव कपाटातल्या एकाही बाटलीवर नव्हतं. मग सगळ्यांच्या पानांवर फुलकिडे असताना एकट्या करिथीची पानं अशी चकचकीत कशी? चार बायकांपाशी ती हे बोललीही. मंगळवारी तर त्याच्या उकिरड्यात वाकून बघताना सापडली.

"काय गं मुरुगी, काही हरवलंय?"

"कोंबडी शोधतेय, करिथीदादा."

"तुझी कोंबडी रिकाम्या बाटल्यांत अंडी घालते होय?"

बुधवारी पत्र घेऊन ती टेकडीखालच्या केरुगोया गावच्या बाजारात औषधवाल्याकडे गेली. "हे कोणी नेलं तेवढं सांगा, भाऊ."

त्यानं पत्र डोळ्यांशी धरलं आणि हसत मागच्या फळीवरची बाटली काढली. तिच्यावर गाईचं चित्र होतं. "हे पिकाचं नव्हेच, ताई. गोचिडाचं. गाईच्या अंगावर मारायचं."

"पण नेलं कोणी?"

"अर्धं गाव नेतं. करिथी नेतो, न्यागुथीआजी नेतात. तुमचे मुगेरासुद्धा नेतात की."

करिथीचं नाव घट्ट धरून ती निघाली. पण चढ चढताना नवऱ्याचंच नाव मनात टोचू लागलं. घरी मुगेरा मका-घेवड्याच्या गिथेरीचा वाडगा घेऊन जेवत बसला होता.

"गाईला औषध कशानं मारलंत?"

"पंपानं. तू चर्चला गेली होतीस, किल्ली खुंटीवर होती."

"शेडच्या पंपानं?"

"मग काय हातानं चोळू? आणि बरं का, दोनदा विसळून ठेवला. ते पाणीही फुकट नाही घालवलं, आपल्या फरसबीच्या वाफ्यात ओतलं." मुगेरा शाबासकीची वाट बघत राहिला.

गुरुवारी सकाळी मुरुगी प्रार्थनेला बसली, तर शब्दच येईनात. गप्प राहणं किती सोपं होतं! गाय तिघांच्याही दारात होती, आणि तिनंच सांगून ठेवलेल्या गोष्टीवरून गाव करिथीकडे बोट दाखवायला टपलं होतं.

शेडमध्ये खरेदी कंपनीचा साहेब वही उघडून बसला. करिथीचं नाव कोणीतरी पुटपुटलं, तशी मुरुगी उठली. "माझा क्रमांक खोडा," म्हणाली, आणि गाय, पंप, वाफ्यातलं पाणी, सगळं सांगून टाकलं.

आता करिथी चार शब्द सुनावेल, असं तिला वाटलं होतं. त्यानं डोळे बारीक केले. "परवा माझा उकिरडा उपसत होतीस. आज एकदम संत झालीस? कोणाला वाचवतेयस?"

"कोणालाच नाही, दादा."

"कंपनीनं हिला काहीतरी कबूल केलं असणार," मागून आवाज आला.

साहेबानं मान वर न करता क्रमांक खोडला. शेड वाचली. मुरुगीनं किल्ली पुढं केली. करिथीनं ती घेतली, कपाटाचं कुलूप दोनदा ओढून बघितलं आणि निघून गेला.

सकाळी तोडलेला आपला क्रेट मुरुगीनं परत उचलला. इथं फरसबी सहसा कोणी खात नसे. नाकारलेल्या शेंगा गाईपुढं पडायच्या, फार तर घरच्या भांड्यात शिजायच्या. न्यागुथी काठी टेकत जवळ आली आणि हळूच म्हणाली, "पोरी, त्यांना चालत नाही ते आपल्याला कसं चालतं गं?"

मुरुगीनं पत्र काढून पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यात त्याबद्दल एक ओळही नव्हती.