गोमाजीचा काढा आणि भागीरथीचा गळा

"यावर कुणाचा बापसुद्धा विश्वास ठेवणार नाय, हे आधीच सांगून ठेवतो," पायरीवर बूड टेकता टेकताच गोमाजीने सुरुवात केली, "पण या बाटलीतल्या काढ्यानं मी एकदा वाफेच्या इंजिनाचा खोकला बरा केला हाय."

ठाण्याच्या बाळकुमचा हा म्हातारा नात्याने भागीरथीचा चुलत सासरा. खाडीत जाळं टाकणं त्याने कधीच सोडलं होतं. आता तो नुसत्या थापा टाकायचा, आणि त्यात माणसं हमखास अडकायची. एकटी भागीरथी तेवढी अडकत नसे. लग्न होऊन डोंबिवलीच्या मोठागावात आली तेव्हापासून म्हाताऱ्याने तोंड उघडलं की ही मध्येच टोकायची. "काका, मागच्या खेपेला तो मासा हाताएवढा होता, आता होडीएवढा कसा झाला?" की गेली गोष्टीतली हवा. त्यामुळे गोमाजी या घरी यायचा तो नेहमी ती बाजारात गेल्याचा अंदाज घेऊनच.

आज मात्र ती समोर बसलेली असताना तो बिनधास्त आला होता. कारण भागीरथीला आवाजच उरला नव्हता.

एक्याण्णवच्या थंडीत ताप-खोकल्याची साथ आली ती घरं मोजत गेली. भागीरथीचा ताप उतरला, खोकला मुक्कामाला राहिला आणि आवाज पार बसला. डॉक्टर म्हणाले, "व्हायरल आहे, बाई. गरम पाणी प्यायचं आणि तोंड बंद ठेवायचं."

तोंड बंद ठेवून म्हावरं कसं विकायचं, ते काही डॉक्टरांनी सांगितलं नाही. "म्हावरं घ्या गोऽऽ, बोय घ्या, कोलंबी घ्या!" ही हाळी शेजारच्या ठाकुर्लीच्या गल्लीत शिरली की वरच्या मजल्यांवरच्या बायका टोप घेऊन खाली उतरायच्या. आवाज हेच तिचं दुकान. त्या गल्ल्यांत दुसरी कोळीण पाय टाकत नसे. आता एकीने टाकला होता. तिचं नाव तुळसा, आणि तुळसा म्हणजे गोमाजीची सख्खी भाची.

हे नातं भागीरथीच्या डोक्यात काट्यासारखं रुतून बसलं होतं. आवाज गेला, तुळसा आली आणि पाठोपाठ हा म्हातारा बाटली घेऊन हजर. तेही न बोलावता.

"मालगाडी उभी," गोमाजी सांगत होता. "इंजिनाला ठसक्यावर ठसका. ड्रायव्हर रडकुंडीला आलेला. मी म्हटलं, उघड झाकण. अर्धी बाटली ओतली. मग जी शिटी वाजली म्हणतेस, कसाऱ्याची कुत्री घाबरून घाट चढली ती इगतपुरीला जाऊन थांबली!"

"अगं बाय माझे!" आवडाबाईने, म्हणजे भागीरथीच्या सासूने, गालावर हात ठेवला.

इंजिनाचा ड्रायव्हर कोळ्याच्या बाटलीतलं पाणी बॉयलरमध्ये ओतू देईल? भागीरथीने तोंड उघडलं. आतून कोरड्या हापशासारखी नुसती हवा आली. ते ऐकून गोमाजीच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते तिने नीट पाहून ठेवलं.

"आता ऐक, सूनबाय. हा पाला खाडीतल्या बेटावरचा हाय. कसला, ते विचारायचं नाय. नाव घेतलं की गुण जातो. आणि काढा चालू हाय तवर एक अक्षर बोलायचं नाय, नायतर काढा उलटा फिरतो."

नावाचं तिला ठाऊक होतं. झाडपाला देणारा कुणीच त्याचं नाव सांगत नाही, हा रिवाज तिच्या माहेरीही होता. पण उलटा फिरणारा काढा तिने जन्मात ऐकला नव्हता. मला मुकी ठेवून कुणाचं भलं होणार? तुळसाचं. आणि थापा मारायला रान मोकळं मिळणार ते कुणाला? समोर बसलाय त्याला.

तो गेल्यावर तिने बाटली उजेडात धरली. काढा लालसर होता.

तिने बाटली पटकन खाली ठेवली. शेंदूर! गळ्यावर जगणाऱ्या माणसाचा आवाज कायमचा घालवायचा तर त्याला शेंदूर खाऊ घालतात, हे तिने लहानपणापासून ऐकलं होतं. तिने नवऱ्याला बाटली दाखवली, कपाळावर बोट फिरवलं आणि गळ्यावरून हात ओढला.

"काय? टिकली संपली?" नाथा म्हणाला. मग उमजल्यावर हसायला लागला. "अगं, काका थापा मारतात, माणसं नाय मारत."

तिने टोपावर झाकण असं आदळलं की नाथा जाळं विणायला बाहेरच जाऊन बसला.

शेंदूर जड असतो, तळाला बसतो. तिने वाटीभर काढा फडताळात ठेवला आणि सकाळी वरचं पाणी हलक्या हाताने ओतून दिलं. तळाशी शेंदराचा कण नव्हता. होते ते फक्त पाल्याचे उकडलेले तुकडे. तिने एक तुकडा बोटांत चुरला, वास घेतला, जिभेला लावला. कडू, उग्र. ही चव तिच्या ओळखीची होती. तिची आई असली पानं तव्यावर गरम करून पिळायची आणि रसात मध घालून चाटवायची. अडुळसा! लाली गुळाची असणार.

एवढ्याने संशय फिटायला हवा होता. तो फिटला नाही, नुसता कुशीवर वळला. अडुळसा तर ठाकुर्लीच्या रेल्वे क्वार्टर्सच्या कुंपणाला हवा तेवढा आहे. मग बेट कशाला? जो साध्या पाल्यासाठी खोटं बोलतो, तो कशासाठी बोलणार नाही?

पण अडुळशाशी तिचं भांडण नव्हतं. ती काढा घ्यायला लागली. मात्र रोज पहिला घोट गोमाजीला घ्यायला लावायची. म्हातारा तोंड वाकडं करून प्यायचा, मिशा पुसायचा आणि नवी थाप सोडायचा. आज कुणाच्या कोंबड्याचा आवाज बसला म्हणून सूर्य उशिरा उगवला, उद्या आणखी काही. संध्याकाळी शेजारणी गोष्टी ऐकायला जमू लागल्या. भागीरथी खोकत, दात आवळत, गप्प बसायची. खोकला खरंच सैल होत चालला होता. आवाजाचं मात्र तिला कळत नव्हतं, कारण बोलून बघायचं धाडस होत नव्हतं. काढा उलटा फिरला तर? विश्वास नव्हता, पण भीती होती.

शनिवारी नाथा ठाकुर्लीहून निरोप घेऊन आला. तिथल्या शांताबाई, तिचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक, म्हणाल्या होत्या, "उद्या जावई येतोय, त्याला खेकडे लागतात, चांगल्या चिंबोऱ्या हव्यात. भागीरथी आली तर तिच्याकडून घेईन. नाही आली तर तुळसालाच कायमचं सांगून टाकते. किती दिवस वाट बघायची?"

भागीरथीचा चेहरा उतरला. तेवढ्यात गोमाजी आला. निरोप त्यानेही ऐकला, पण तुळसाबद्दल चकार शब्द काढला नाही. नाथा होडीकडे गेला तसा तो पायरीवर बसला आणि आज जरा मोठ्यानेच सुरू झाला.

"आमच्या बाळकुमला सगुणाची शेळी. तिला हीच साथ लागली. बें करायला जावं तर नुसती फुसफुस. काढा काय पिईना. मग मी हाच पाला, असा हिरवागार, तिच्यापुढं टाकला. काय सांगू, मिटक्या मारत खाल्ला!"

भागीरथीच्या हातातला पेला थांबला.

"मग?" आवडाबाईने विचारलं.

"मग काय! आख्खी जुडी फस्त. आणि असा गळा सुटला की देवळातली भजनी मंडळी तिला न्यायला आली."

बायका खिदळल्या. भागीरथीने पेल्यातल्या काढ्याकडे बघितलं. गोमाजीने तिच्याकडे तिरपं बघितलं आणि सावकाश आणखी एक ढकललं.

"दुसऱ्या दिवशी शेळी दावं तोडून माझ्या दारात! म्हटलं, का गो? तर पाल्याच्या जुडीकडं बघून जीभ फिरवते ओठांवरनं. हाच पाला पायजे म्हणून हटून बसली. तेव्हापास्नं दुसरं गवत खात नाय!"

भागीरथी उठली. पेला कलंडला, काढा पायरीवरून ओघळला, तिकडे तिचं लक्षही गेलं नाही. आतून जे उसळून आलं त्याने कौलांवरचे कावळे उडाले, गल्लीच्या तोंडाशी सायकलवाल्याने ब्रेक दाबला, आणि खाडीच्या काठावर होडी बांधणाऱ्या नाथाने दचकून मान वर केली.

"काकाऽऽ! अडुळशाला शेळी तोंड लावत नाय! म्हणून तर लोक तो कुंपणाला लावतात!"